हत्तीचा डावा गुडघा

गाडी: तीन रांगांची मोठी लक्झरी एसयूव्ही, वय आठ वर्षं. तीन लिटरचं व्ही-६ डिझेल इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, चारही चाकांना एअर सस्पेन्शन, रिकाम्या गाडीचं वजन जवळपास अडीच टन. मी दुसरा मालक. घरात तिचं नाव हत्ती. कुठलं काम कधी केलं ते आठवेनासं झालं म्हणून ही वही सुरू केली.

१७ मे, १,११,८२० किमी

काल एका दिवसात ६४० किमी झाले. पोहोचल्यावर आई म्हणाली, "आलो पण?" तिचं गुडघ्यांचं दुखणं जुनं. लांबच्या प्रवासानंतर उतरताना ती दाराला धरून मिनिटभर उभी राहते, मग पाऊल टाकते. काल थेट चालायला लागली.

याचं श्रेय गाडीतल्या कशाला द्यायचं? सीटच्या मसाजला तर नाहीच, तो खेळ पहिल्या आठवड्यात संपला. सीटमधले पंखे मात्र कामाचे. पाठ घामेजली नाही की माणूस चुळबुळ करत नाही. खिडक्यांना दोन थरांची काच आहे, मधे आवाज गिळणारा पातळ पापुद्रा. १०० च्या वेगालाही मागच्या रांगेशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. दिवसभर ओरडावं लागलं नाही तर संध्याकाळी केवढी ताकद उरते, हे या गाडीत बसेपर्यंत माहीत नव्हतं.

पण खरी करामत हवेची. लोखंडी स्प्रिंगवर वजन वाढलं की गाडी मागून बसते आणि तिच्या हेलकाव्याची लय बदलते. हवेचा स्प्रिंग म्हणजे हवा भरलेली रबरी पिशवी; तिच्यावर वजन वाढलं की दाब वाढवून उंची तीच राखली जाते. दाबाबरोबर स्प्रिंगचा ताठपणाही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून लय बदलत नाही: सेकंदाला साधारण एक हेलकावा. सात माणसं आणि सामान असो की मी एकटा, चाल तीच. आणि थांबल्यावर बटण दाबलं की गाडी चारही पायांवर खाली वाकते. आईला चढायचं असलं की हत्ती गुडघे टेकतो. नाव त्यावरूनच पडलं.

४ जून, १,१२,४६० किमी

आज हत्तीने कुणी न सांगता एकच गुडघा टेकलेला. पुढचा डावा कोपरा एवढा खाली की टायर आणि मडगार्डच्या मधे बोटं जाईनात. इंजिन सुरू केलं, स्प्रिंगमध्ये हवा भरणारा कंप्रेसर घरघरला, पाऊण मिनिटात गाडी सरळ. जमीन उतरती असेल, रात्री गारवा असेल, एकदाच झालं असेल. ठणकणाऱ्या दाताबद्दल माणूस स्वतःची जी समजूत घालतो तीच मी घातली.

५ जून

पुन्हा तेच.

६ जून

आज चारही कोपरे खाली. एका रात्रीत चारही स्प्रिंग फुटले? गॅरेजला फोन केला. "साहेब, चारही बदलावे लागतील. कंप्रेसर पण गेला असणार." गाडी न बघता! बघून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला.

७ जून

संध्याकाळभर सर्व्हिस मॅन्युअल घेऊन बसलो. कोड्याचं उत्तर सस्पेन्शनच्या कंट्रोलरपाशी, म्हणजे ते चालवणाऱ्या छोट्या संगणकापाशी निघालं. गाडी लॉक केली तरी तो पूर्ण झोपत नाही. थोड्या थोड्या वेळाने जागा होऊन चारही कोपऱ्यांच्या उंचीचे सेन्सर वाचतो. एक कोपरा खचलेला दिसला तर त्याला वर उचलण्याची सोय नसते, कारण इंजिन बंद असताना कंप्रेसर चालवायचा नाही असा नियम. मग तो उरलेल्या तिघांची हवा सोडतो आणि त्यांनाही त्याच पातळीवर आणून बसवतो. गाडी तिरकी दिसू नये म्हणून.

म्हणजे चारही कोपरे खाली दिसले म्हणून चारही स्प्रिंग गेले असं मुळीच नाही. गळणारा एक, बाकीचे तीन सोबतीला बसलेले. तपासायचं तर आधी या समजूतदार कंट्रोलरला गप्प करायला हवं. त्याचा फ्यूज काढून गाडी रात्रभर उभी ठेवायची, म्हणजे ज्याची हवा जाईल तोच बसेल.

८ जून

फ्यूज काढून रात्री १० वाजता आणि सकाळी ७ वाजता मोजमाप घेतलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, मिलिमीटरमध्ये. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा हिशेबात घुसते, म्हणून चाकाच्या मध्यापासून.

पुढे डावा: रात्री ४९७, सकाळी ४३१
पुढे उजवा: ४९८, ४९७
मागे डावा: ४९१, ४९०
मागे उजवा: ४९२, ४८९

चोर सापडला. पुढचे दोन्ही कोपरे सारखे उतरले असते तर संशय कोपऱ्यांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर गेला असता. इथे एकटा डावाच पडलाय. मागचा उजवा ३ मिमी उतरला, तो फक्त लिहून ठेवतो.

९ जून

भांडी घासायच्या साबणाचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीत. गाडी सर्वांत वरच्या उंचीवर नेली, कारण रबराची घडी उलगडते तेव्हाच तिच्यातली भेग तोंड उघडते. मग चेसिसखाली स्टँड. हे मुद्दाम लिहितोय: नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. एक नळी सुटली तर अडीच टन खाली यायला वेळ लागत नाही.

आधी वरच्या नळीच्या जोडावर फवारलं. कोरडा ठणठणीत. मग रबरावर. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवल्यावर घडीच्या खालच्या कडेला बारीक फेस आला, साबुदाण्याएवढे बुडबुडे, एकामागून एक. रबर दर खड्ड्याला त्याच जागी दुमडतं आणि उलगडतं. आठ वर्षांत किती वेळा दुमडलं असेल, मोजायची सोय नाही. त्या जागेला शंभर सुरकुत्या होत्या, त्यातली एक आरपार गेली.

१६ मेला ज्या घडीने आईला झोपाळ्यासारखं आणलं, तीच ही घडी. आराम आणि बिघाड यांचा पार्ट नंबर एकच आहे.

११ जून

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींचा सल्ला: "साहेब, हवाबिवा काढून टाका. चारही कोपऱ्यांना लोखंडी स्प्रिंग घाला, विषय संपला." असे तयार संच मिळतातही. हा सल्ला नवा नाही. कॅडिलॅकने १९५७ मध्ये एल्डोराडो ब्रूम या गाडीला एअर सस्पेन्शन दिलं. ते गळायला लागल्यावर कित्येक मालकांनी ते काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवल्या. म्हणजे विकत मिळणाऱ्या मोटारींतलं एअर सस्पेन्शन जेवढं जुनं, साधारण तेवढाच हा सल्लाही जुना.

दोन दिवस विचार केला. रेंज रोव्हर १९७० मध्ये आली तेव्हा कॉइल स्प्रिंगवरच होती, आतली रबरी मॅटवाली जमीन पाण्याने धुता यायची, आणि तरी मऊ चालीसाठी तिचं नाव झालं. हवा तिला १९९२ मध्ये मिळाली. लेक्सस एलएक्सने आणखी वेगळा मार्ग धरला. लॅंड क्रूझरच्या सांगाड्यावरची ही गाडी उंची बदलण्यासाठी तेल आणि वायूचे गोळे वापरते. तिथेही गोळ्यांमधला वायू वर्षांनी कमी होतो आणि चाल कडक होते. उंची बदलणारी, वजन सांभाळणारी आणि तरी न झिजणारी गादी कुणालाच जमलेली नाही.

लोखंडी स्प्रिंग घातली तर गाडी चालेल, पण गुडघे टेकणार नाही. मग एवढं धूड आणि त्याचं डिझेल कशासाठी पोसायचं? पुढचा डावा एअर स्ट्रट (हवेचा स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र) मागवला. सोबत कंप्रेसरचा रिले, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा विजेचा स्विच, तोही. कंप्रेसर बदलायचा नाही, तो अजून पाऊण मिनिटात गाडी उचलतोय.

१८ जून, १,१२,७९० किमी

स्ट्रट बदलला. दोन तासांचं काम म्हणतात, मला साडेपाच तास लागले. क्रम पुढच्या वेळेसाठी: गाडीच्या संगणकांशी बोलणारा स्कॅनर लावून त्या कोपऱ्याची हवा सोडली, सस्पेन्शन सर्व्हिस मोडमध्ये टाकलं, जॅक, स्टँड, चाक काढलं, उंचीच्या सेन्सरची दांडी सोडवली, स्टॅबिलायझर लिंक सोडवली, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट, खालचा बोल्ट, शेवटी स्ट्रटच्या डोक्याचे तीन नट. खालच्या बोल्टने तासभर छळलं. गंज काढायचा स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवायला हवा होता.

आता माझी चूक. हवेची नळी प्लॅस्टिकची, ६ मिमी. जुन्या जोडात अडकलेलं टोक कापून टाकलं ते साइड कटरने. कटरने नळी चेपली, टोक लंबगोल झालं. नव्या जोडात बसवून हवा भरली तर स्स्स. अर्धा तास मी नव्या स्ट्रटलाच शिव्या देत होतो. मग नवं ब्लेड घेऊन टोक काटकोनात, एका घावात कापलं आणि बसवलं. गप्प. नळी पाचच मिलिमीटर आखूड झाली, शहाणपण मात्र बरंच लांबलं.

दोन गोष्टी ठळक अक्षरात लिहायच्या लायकीच्या. एक, रिकाम्या स्प्रिंगवर गाडीचं वजन टाकायचं नाही. रबर आतल्या आत चुकीचं दुमडतं आणि नवाकोरा भाग तिथेच जातो. गाडी जॅकवर असतानाच स्कॅनरने हवा भरायची, मग हळूहळू खाली घ्यायची. दोन, आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळायचे नाहीत. गाडी नेहमीच्या उंचीवर आणून मग शेवटचा आवळ. नाहीतर बुश कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

१९ जून

उंचीचं कॅलिब्रेशन केलं. जुना रिले कुतूहलाने फोडून पाहिला. आतले संपर्क काळे पडलेले, एकावर खड्डा. स्प्रिंग गळू लागला की कंप्रेसर दिवसातून दोन-तीनदा चालायचा तो पंधरा-वीसदा चालतो, आणि प्रत्येक वेळी रिलेत ठिणगी पडते. एक दिवस संपर्क चिकटतात, कंप्रेसर बंदच होत नाही आणि तापून मरतो. मग बिल कंप्रेसरचं येतं आणि मालक म्हणतो, या गाड्यांचे कंप्रेसर टिकत नाहीत.

कंप्रेसरला जोडलेली हवा सुकवायची डबीही उघडली. आत सिलिकाचे मणी. बाहेरची हवा आत येताना यांच्यातून गाळून येते, ओलावा मणी धरतात. गाडी खाली घेताना कोरडी हवा उलट्या वाटेने बाहेर जाते आणि तोच ओलावा घेऊन जाते. मणी पुन्हा ताजे. श्वास घ्यावा आणि सोडावा तसं. पण हवा भेगेतून जाऊ लागली की गाडी श्वास घेतच राहते, सोडत नाही. मणी ओले ते ओलेच, मग त्यांचा भुगा होतो आणि भुगा व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. माझ्या डबीत तळाला चमचाभर पीठ होतं. मणी बदलले, नवी सील घातली. रबरातल्या केसाएवढ्या भेगेने इथवर मजल मारली होती, आणखी दोन महिने दुर्लक्ष केलं असतं तर फोनवरचा तो अंदाज खरा ठरला असता.

६ जुलै

पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला. पावसाने नाही, काचेच्या छताने. पॅनोरमिक छप्पर पाणी अडवत नाही, आलेलं पाणी कडेच्या पन्हळीत घेतं आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खाली सोडतं. पुढची एक नळी पानांच्या चोथ्याने बुजलेली. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी वरून घालून मोकळी केली. कंप्रेसरची हवा मारायचा मोह आवरला, नळी आतल्या जोडातून निघाली तर सगळं अस्तर उतरवावं लागतं. गालिच्याखाली तीन सेंटीमीटर स्पंज असतो, तो वाळायला नऊ दिवस लागले (हे नंतर लिहिलंय). वर्षातून दोनदा पेलाभर पाणी ओतून चारही नळ्या तपासायच्या.

२७ जुलै

सहा दिवस गाडी उभी. आज दार उघडलं तर डॅशबोर्डवर दिवाळी: सस्पेन्शन, ब्रेक, हँडब्रेक, सगळ्यांच्या तक्रारी एकदम. छातीत धस्स झालं, पण मागच्या महिन्यात एक धडा मिळालाय. एकदम सगळेच आजारी पडत नाहीत. बॅटरी मोजली: १२.१ व्होल्ट. व्होल्टेज पडलं की प्रत्येक कंट्रोलर आपापली तक्रार लिहून ठेवतो.

चार्ज करून रात्री करंट मोजला. बॉनेट उघडं, पण लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर सरकवून गाडीला ते बंद आहे असं भासवलं, आणि तासभर थांबलो. ०.३८ अँपिअर. झोपलेल्या गाडीला ०.०५ पेक्षा कमी लागायला हवा. एवढ्या करंटने ९५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत अर्धी होते, म्हणजे हिशेब जुळतो. फ्यूज उपसून बघायचा नाही, उपसला की तो कंट्रोलर जागा होतो आणि मोजमाप बिघडतं. फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजत गेलो. एकाच फ्यूजवर आकडा दिसला: चावीविना दार उघडण्याची यंत्रणा.

आणि गाडीची चावी कुठे? गाडीला टेकलेल्या भिंतीच्या पलीकडे, खुंटीवर. हत्ती सहा दिवस माहुताची चाहूल घेत जागा होता. चावी आतल्या खोलीत नेली, तासाभराने ०.०३. भाग एकही बदलला नाही.

१० ऑगस्ट, १,१४,९०० किमी

गिअरबॉक्सचं तेल. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की हे तेल आयुष्यभरासाठी आहे. गिअरबॉक्स ज्यांनी बनवला ते झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किमीला बदला म्हणतात. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. तळाचा डबा प्लॅस्टिकचा, फिल्टर त्यातच, म्हणून डबाच नवा. तेलाची पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांच्या मधे असताना, भोकातून बारीक धार येईपर्यंत. निघालेलं तेल काळं, चुंबकांवर राखाडी लेप, तुकडे नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला हलका धक्का गेला. मोठी दुरुस्ती नाही, तरी वर्षभरातलं बहुधा सर्वांत उपयोगाचं काम.

२४ ऑगस्ट

एका टायरची बाजू दगडाने फाटली. बाकी तिघांची नक्षी ४ मिमी, नव्याची ८. म्हणजे व्यासात ८ मिमी, एक टक्क्याहून थोडा जास्त फरक. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डब्याच्या, क्लचला वाटत राहतं की एक चाक घसरतंय, आणि तो विनाकारण घासतो. नाइलाजाने चार. लोड इंडेक्स ११०, म्हणजे टायरमागे १०६० किलो. दुकानदार १०४ चे दाखवत होता, नको म्हटलं.

१४ सप्टेंबर, १,१६,२५० किमी

मित्राला अशीच जुनी गाडी घ्यायची आहे. "खरं सांग, भरवशाची आहे का?" वही त्याच्यापुढे टाकली. इंजिनाबद्दल तेल आणि फिल्टरपलीकडे एक ओळ नाही. गिअरबॉक्सबद्दल एक, तीही मीच ओढवून घेतलेली. बाकी सगळी पानं रबर, नळ्या, पाणी, करंट. मोठे अवयव दणकट, दगा देतात ती खालची माणसं. आणि तीही आधी कुरकुर करतात, ऐकणारा हवा. ज्याला गाडी फक्त चालवायची आहे त्याने एवढ्या सोयींची जुनी गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. नवी, हमीतली घ्यावी किंवा कमी बटणांची घ्यावी.

तरी घ्यायचीच असेल तर, त्याला सांगितलं, विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांग की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटला हात लाव. गरम असेल तर काहीतरी लपवलंय. गार असेल तर लांब उभा राहून चारही कोपरे बघ. मग सर्वांत खालून सर्वांत वर ने, घड्याळ लावून. वेळ मिनिटभराच्या वर गेला तर कंप्रेसर दमलाय. गालिच्याखाली हात घाल. सगळं झाल्यावर मग सीटचा मसाज लाव. तो आधी मसाजच लावणार, मला माहीत आहे.

२८ सप्टेंबर, १,१६,७१० किमी

आईला तपासणीला नेलं. बटण दाबलं, हत्ती वाकला, आई बसली. वाटेत ती झोपली.

रात्री फ्यूज काढून ठेवला, सकाळी मोजलं. पुढे डावा ४९७, ४९७. पुढे उजवा ४९८, ४९७. मागे डावा ४९१, ४९०. मागे उजवा ४९२, ४८५.

जूनमध्ये ३ होते, आता ७. मागच्या उजव्याचा एअर स्प्रिंग आणि एक रिले मागवले. नळी कापायला या वेळी ब्लेड.